भिंतीलगतचा चर

“थोडे हादरे बसतील,” देवळे साहेब म्हणाले. “भांडी वाजतील, फळीवरचे डबे सरकतील. घाबरू नका. मशीन पुढे गेलं की थांबेल.”

ते मारुतीच्या पारावर उभे होते आणि आम्ही तांबट गल्लीतली सगळी माणसं खाली सतरंज्यांवर बसलो होतो. नगरपालिकेचा इंजिनिअर काम सुरू होण्याआधी स्वतः येऊन माहिती देतो, याचंच आम्हाला अप्रूप होतं. एरवी सकाळी दार उघडल्यावर समोर खड्डा दिसायचा, तेव्हा कळायचं की रस्ता खणलाय.

देवळे तरुण होते आणि मन लावून सांगत होते. आधी सांडपाण्याच्या पाइपासाठी खोल चर, मग नळाचा पाइप, मग वर काँक्रीट. पाणी दिवसाआड येईल. गाड्या शाळेच्या मैदानात लावा. गॅसची गाडी चौकातच थांबेल, टाकी तिथून आणावी लागेल. दारासमोर चरावर फळ्या टाकून देऊ, पण लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना एकटं सोडू नका. कोणी आजारी असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण अँब्युलन्स आत येणार नाही. दिवाळीच्या आत खणण्याचं काम उरकेल.

“अजून काही विचारायचं असेल तर विचारा,” ते म्हणाले.

मागून पद्मीनकाकू उठल्या. त्या उठल्या तशी पुढच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“चर किती खोल?”

“पुरुषभर. उतारावर थोडा जास्त.”

“आणि माझ्या भिंतीपासून किती लांब?”

देवळेंनी नकाशा उलगडला, बोटाने काहीतरी शोधलं. “जवळूनच जाईल, काकू. गल्लीच अरुंद आहे.”

“मग भिंत पडेल. तिला पाया नाही. जुन्या गटाराच्या दगडावर उभी आहे ती.”

“काकू,” वसंतशेठ बसल्या जागेवरून म्हणाले, “तुमच्या भांडणालाही पाया नसतो. पण ते कधी पडलेलं बघितलं नाही आम्ही.”

सगळा पार हसला. मीही हसले. देवळे मात्र हसले नाहीत. “मी उद्या येऊन बघतो,” एवढंच म्हणाले.

पद्मीनकाकू म्हणजे पद्मीनबाई ढगे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नवऱ्याने आणि दिराने सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा रचून बांधलेल्या दुमजली घरात त्या एकट्या राहायच्या. उन्हाळ्यात ऑर्डरच्या शेवया करून द्यायच्या आणि बाकीचं वर्ष भांडायच्या. पोरांचा चेंडू, कुणाच्या दारात बांधलेली गाय, लग्नातला कर्णा, नळाला लावलेली मोटर, काहीही चालायचं. त्यांच्याशी अबोला धरलेली घरंसुद्धा शेवया त्यांच्याकडूनच घ्यायची, मधे कुणाला तरी पाठवून. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जन्मात जमलं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी मुखडा बापाचा, रंग आईचा असं काहीबाही म्हटलं. काकूंनी पाहिलं आणि “अशक्त आहे, जप तिला,” म्हणाल्या. तेच खरं होतं.

माझा त्यांचा संबंध एवढाच, की लग्न झाल्यावर सुरुवातीला मी आणि माझे यजमान त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो होतो. नंतर आम्ही त्याच गल्लीत, त्यांच्यापासून थोडं खाली, स्वतःचं घर घेतलं आणि मी पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास सुरू केला. गल्ली मला चारूताई म्हणायची. काकू नुसतं चारू म्हणायच्या.

देवळे दुसऱ्या दिवशी खरंच आले. त्यांनी भिंत बघितली, खाली वाकून दगड बघितले आणि घोलपला बोलावून सांगितलं, की या घरासमोर खणताना चराच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावायच्या, मधे आडवे टेकू द्यायचे आणि मगच माणसं खाली उतरवायची.

घोलप हा ठेकेदाराचा मुकादम. धिप्पाड, डोक्याला सदा रुमाल गुंडाळलेला, दिवसातून चारदा माझ्याकडे चहाला यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा. माणूस वाईट नव्हता. “होय साहेब,” तो म्हणाला. “फळ्या मागवतो.”

काम खालच्या टोकाकडून सुरू झालं. पहिले काही दिवस पोरांना मशीन बघण्याची मजा वाटली. मग गल्ली बदलायला लागली. चर काळ्या मातीतून वर सरकत होता आणि त्याच्याबरोबर जुन्या गटाराचा एक कुबट वास घराघरांत शिरत होता. दारातून बाहेर पाऊल टाकलं की फळी, आणि फळीखाली काळोख. माणसं एकमेकांकडे जायची बंद झाली. संध्याकाळी ओट्यावर कुणी बसेना. माझ्या क्लासच्या मुली कमी होत होत तीनच राहिल्या, त्याही भिंतीला हात लावत लावत यायच्या.

मग परतीचा पाऊस आला. चरात पाणी साठलं. पंपाने काढलं तरी सकाळी पुन्हा तेवढंच. कुठला तरी जुना नळ आत फुटला होता आणि तो कुठे फुटलाय ते सापडत नव्हतं. चराच्या काठाची माती मधूनच सुटायची आणि खाली पडायची. आवाज मोठा नसायचा. कुणीतरी ओलं पोतं टाकावं तसा. एकदा ऐकला की माणूस पुढच्या आवाजाची वाट बघत राहायचा. खालच्या अंगाला एका ओट्याचा कोपरा रात्रीतून वीतभर खचला. आमच्या मागच्या खोलीचं दार लागेनासं झालं. “दमट हवेने लाकूड फुगतं,” घोलप म्हणाला, आणि आम्ही ते मान्य केलं, कारण दुसरं काही मान्य करण्यापेक्षा ते सोपं होतं.

फळ्या आणि टेकू आले नाहीत. “येतायत,” घोलप म्हणायचा. “दुसऱ्या साइटवर अडकलेत.”

मशीनने काकूंच्या घरापुढचा चर बराचसा खणला, तेव्हा फळ्या लागल्या नाहीत हे बघून त्या खुर्ची घेऊन मशीनसमोर बसल्या. फळ्या येईपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. घोलपने तासभर विनवलं, मग ठेकेदाराला फोन केला. ठेकेदाराने मशीन दुसऱ्या कामावर पाठवून दिलं. आठवड्याने ते परत आलं, फळ्यांशिवायच. काकू पुन्हा बसल्या. मशीन पुन्हा गेलं.

तोवर अर्धी गल्ली उघडी पडलेली होती आणि पाऊस चालूच होता. वसंतशेठचे वडील दाजी एका दुपारी छातीत दुखून घामाने थबथबले. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी फळीवरून पलीकडे नेलं. फळी मधोमध वाकली आणि चौघं जागच्या जागी थांबले.  दाजी वाचले, पण त्या दिवसापासून लोकांच्या मनात चर खणणारा ठेकेदार राहिला नाही, काम अडवणारी पद्मीनबाई राहिली. तिच्या दाराशी कचरा पडायला लागला. दूधवाल्याला कुणीतरी सांगितलं की तिच्याकडे जाऊ नको, आणि तो जाईना.

नरकचतुर्दशी आठवड्यावर आली होती तेव्हा वसंतशेठ माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले.

“चारूताई, आज मशीन येतंय. तुम्ही एक काम करा. पद्मीनबाईला जेवायला बोलवा. दोन-तीन तास तुमच्याकडे गुंतवून ठेवा. तेवढ्यात घोलप तिच्या घरापुढचा उरलेला तुकडा काढून पाइप टाकतो. तुमचंच ऐकते ती.”

“माझंही ऐकत नाहीत.”

“तुमच्याशी भांडत तर नाही.”

“फसवून नाही आणणार मी त्यांना, शेठ. सरळ सांगून बघते.”

“कसंही करा. माझा बाप मरता मरता राहिलाय.”

मी गेले. काकूंच्या घरात शिरायला आता गल्लीकडून वाट नव्हती, बाजूच्या बोळातून यावं लागायचं. त्यांनी दार उघडलं ते दोन्ही हातांनी वर उचलून. खाली फरशीवर अर्धगोल ओरखडा पडला होता.

“लोकांनी पाठवलं ना तुला?” त्या म्हणाल्या.

“हो. तुम्हाला जेवायला न्यायला. तुम्ही नसताना मशीन लावणार आहेत.”

“सांगितलंस ते बरं केलंस. बस.”

मधल्या खोलीत एक सतरंजी होती, तिच्यावर त्यांनी मला बसवलं. समोर ती गल्लीकडची लांब भिंत. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक चीर गेली होती, आणि चिरेवर जागोजागी कणकेच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. शेवयांचं पीठ मळतात तसं घट्ट मळून, बोटाने दाबून लावलेल्या. प्रत्येक पट्टी वाळून मधोमध फाटली होती.

“रोज सकाळी नवी लावते,” काकू म्हणाल्या. “आधी दोन दिवस टिकायची. मग एक दिवस. आज सकाळी लावली, चहा पिऊन आले तर फाटलेली.”

मी उठून हात लावला. चिरेत माझं बोट गेलं. पलीकडून गार हवा येत होती.

“काकू, हे तुम्ही कुणाला दाखवलं का नाही?”

“कुणाला दाखवू? घरात येतंय कोण माझ्या?” त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. “आता बोलू नको. ऐक.”

दुपारची वेळ होती. बाहेर काहीच आवाज नव्हता. आधी मला माझंच छातीतलं ऐकू आलं. मग भिंतीच्या आतून एक बारीक सरसर ऐकू आली, सुपातून रवा घरंगळावा तशी. ती थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा वरून. आणि मग एक टक्क असा आवाज आला, अडकित्त्याने सुपारी फोडावी तसा, आणि माडीवर काहीतरी पडून गडगडत गेलं.

 त्याच माडीवर मी नव्या संसाराचे दिवस काढले होते, त्या भिंतीला टेकून भाजी निवडली होती. मला त्या घरात एक क्षणही थांबू नये असं वाटायला लागलं.

“चला काकू. आत्ता बाहेर चला.”

“मी येते. पण खाली माणसं उतरतील त्यांचं काय?”

तेवढ्यात बाहेर मशीन सुरू झालं. मी आत गेलेली घोलपने पाहिली असणार आणि काकू गुंतल्या असं समजून त्याने वाट बघितली नाही. खिडकीची तावदानं वाजायला लागली. चिरेवरच्या कणकेच्या पट्ट्या गळून खाली पडल्या.

आम्ही बोळातून लांबचा वळसा घेऊन, खालच्या फळीवरून चराच्या पलीकडे आलो तोवर बराच वेळ गेला होता. मशीनने काठावरची ढासळलेली माती काढून चर साफ केला होता, आणि दोन गडी आणि एक बाई पाइपाचं तोंड बसवायला खाली उतरले होते. त्यांची डोकीसुद्धा वर दिसत नव्हती. चराच्या एका अंगाला काकूंची भिंत, दुसऱ्या अंगाला आम्ही उभ्या राहिलो ती अरुंद कड. कडेला टेकून एक लाकडी शिडी आत सोडली होती.

“घोलप, माणसं वर काढा,” मी म्हणाले. “भिंत आतून सुटली आहे. मी स्वतः ऐकून आले.”

घोलपने मशीनवाल्याला हाताने थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या काकूंकडे.

“ताई, तुम्हाला तिला बाहेर काढायला पाठवलं होतं. तिनंच तुम्हाला फिरवलं?”

“आत चला, दाखवते.”

“मला वेळ नाही, ताई. एक पाइप जोडला की झालं. अर्ध्या तासाचं काम.”

वरच्या अंगाला लोक जमले होते. वसंतशेठ ओरडून म्हणाले, “घोलप, थांबू नका आता.”

मी देवळेंना फोन लावला. ते तालुक्याच्या बैठकीत होते, आवाज दबका होता. मी सांगितलं.  “फळ्या लावल्यात ना?” “नाही लावल्या.” “माणसं वर घ्यायला सांगा. लगेच. मी निघालोच.” मी फोन घोलपपुढे धरला, पण त्याच वेळी त्याचा स्वतःचा फोन वाजत होता आणि तो ठेकेदाराचा होता. तो दोन पावलं बाजूला गेला. “होय मालक,” एवढंच तो म्हणत होता. “होय. आज. आजच होतंय मालक.” त्याच्या कपाळावर घाम होता.

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या तोंड सोडतील. त्या अगदी हळू म्हणाल्या, “चारू, मी बोलले की भांडण होतं. आता बोलत नाही.”

आणि त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला, शिडीच्या दांड्याला धरलं आणि पाठमोऱ्या होऊन त्या चरात उतरल्या. मी हात पुढे केला तोवर त्या खाली पोचल्या होत्या. खालच्या तिघांना काय करावं सुचेना.

“वर व्हा रे लेकरांनो,” काकूंचा आवाज आला. “तू आधी हो, पोरी.”

त्या पाइपावर बसल्या. मशीनवाल्याने मशीन बंद केलं आणि तो उतरून लांब जाऊन उभा राहिला. घोलप धावत आला आणि वाकून बघायला लागला. गड्यांपैकी एकाने काकूंच्या दंडाला धरायला हात पुढे केला तसा घोलप ओरडला, “हात लावू नको तिला. बाईमाणूस आहे, उद्या केस करेल. या तुम्ही वर.”

आधी बाई वर आली, मग दोघं गडी. तिघं अंगावरचा चिखल झटकत मशीनपाशी गेले.

“काकू, झालं आता. आले सगळे,” मी वरून म्हणाले. “या तुम्ही वर.”

“फळ्या आणतो म्हणू दे आधी त्याला.”

घोलपने कपाळावर हात मारला. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “शिडी धरा ताई,” आणि खाली उतरला. मी गुडघ्यावर बसून शिडीची टोकं घट्ट धरली. खाली तो त्यांना काही सांगत होता, त्या मान हलवत होत्या. मग काकूंनी एकदा वर भिंतीकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसला. त्या लगेच उठल्या आणि शिडीला लागल्या. घोलप मागून त्यांना आधार देऊन वर ढकलत होता. तो बोलत होता. माझ्यापासून त्याचं डोकं फार लांब नव्हतं. काकूंचा हात माझ्या हातात आला, मी मागे रेलून ओढलं आणि त्या माझ्या अंगावर येऊन पडल्या.

भिंत पडताना फारसा आवाज झाला नाही. आधी ती खाली बसली, मग तिचा मधला भाग फुगला आणि माडीसकट ती चरात उतरली. आम्हा दोघींच्या पायापर्यंत विटा आल्या. धुळीने सगळं अंधारून आलं. धूळ खाली बसली तेव्हा समोर काकूंची मधली खोली उघडी पडली होती, मागच्या भिंतीवरच्या फळीवर डबे तसेच ओळीने होते, आणि चर नव्हता.

त्या तिघांनी हातांनी विटा उपसायला सुरुवात केली. मग गल्लीतले सगळे पुरुष धावले, वसंतशेठसुद्धा. देवळे पोचले तेव्हा घोलपला बाहेर काढून माझ्या दारातल्या फळीवर ठेवलेलं होतं. डोक्याचा रुमाल कुणीतरी त्याच्या तोंडावर टाकला होता.

पोलिस आले, पंचनामा झाला. ठेकेदार बदलला, देवळेंची बदली झाली. देवळेंनी फळ्यांचं सांगितलेलं होतं आणि ते मी जबाबात सांगितलं. पण गल्लीचा निकाल पंचनाम्याआधीच लागला होता. काम अडवलं नसतं तर चर इतके दिवस उघडा राहिला नसता, चर उघडा राहिला नसता तर भिंत पडली नसती, आणि ती खाली उतरली नसती तर घोलप उतरला नसता. घोलपला पद्मीनबाईने खाल्लं, असं लोक म्हणायचे. ती तीन माणसं दुसऱ्या कामावर निघून गेली होती. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

काकू माझ्याकडे राहायला आल्या. त्यांचं बोलणं थांबलं होतं. जेवायला वाढलं तर जेवायच्या, नाही तर भिंतीकडे बघत बसायच्या. दिवाळी गल्लीत कुणीच केली नाही. संक्रांतीच्या आत रस्ता पुरा झाला, पांढरा, सपाट, आणि पोरं त्याच्यावर सायकली चालवायला लागली.

त्याच सुमाराला एक दिवस दुपारी घोलपची बायको आली. बरोबर तिचा दीर होता, तो बाहेरच थांबला. बातमी आधीच पसरली असावी, कारण ओट्याओट्यावर माणसं येऊन उभी होती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच ओटे भरले होते.

ती तिशीची असेल. दारात चप्पल काढून तिने विचारलं, “पद्मीनबाई ढगे इथंच राहतात?”

काकू आतल्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. “मीच.”

मी मधे गेले. ती म्हणाली, “मी भांडायला नाही आले, ताई.” आणि ती खाली बसली. काकूही भिंतीचा आधार घेत तिच्यासमोर बसल्या. मी पाणी आणलं, तिने तांब्याला हात लावला नाही.

“त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं,” ती म्हणाली. “कशावरून ते आता आठवतही नाही. डबा न घेताच गेले. दिवसभर उपाशी असतील म्हणून मी फोन करणार होते. नाही केला.”  “शेवटी त्यांच्याजवळ तुम्हीच होता. मला एवढंच विचारायचंय. रागात होते का? काय बोलले शेवटी?”

मला तिच्याकडे बघवेना. घोलपचं शेवटचं बोलणं मी ऐकलं होतं. शिडी धरून मी त्याच्या डोक्यावरच वाकले होते. “थेरडे,” तो म्हणाला होता, “तुझ्यापायी माझी पोरं उपाशी मरतील. मर तिकडं कुठंतरी, पण माझ्या कामावर मरू नको.” त्या शब्दांवरच भिंत आली होती.

मी काकूंकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या सुखासाठी एक शब्द इकडचा तिकडे केलेला मला माहीत नव्हता. आता त्या सगळं सांगतील, आणि ही बाई ते घेऊन जन्मभर जगेल, असं मला वाटलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या.

“रागात नव्हता,” त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज निघत होता, तो फाटका होता. “काकू, पाऊल जपून टाका म्हणाला. शिडी ओली आहे, घसराल म्हणाला.”

“काकू म्हणाले?”

“हो. मी धरलंय तुम्हाला, भिऊ नका म्हणाला. आणि धरलं होतं त्यानं. त्यानं वर लोटलं म्हणून मी इथं बसलेय.”

ती बाई पदराचं टोक तोंडात धरून बराच वेळ रडली. मग ती पाणी प्यायली. “आमच्या सासूबाईंशी असंच बोलायचे,” ती म्हणाली. उठताना ती काकूंच्या पाया पडली, आणि काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती गेली तशी ओट्यांवरची माणसं एकेक करून आत गेली. काहीच घडलं नव्हतं, बघायला काही नव्हतं.

मी दार लोटून आत आले. काकू तिथेच बसल्या होत्या.

“चारू,” त्यांनी विचारलं, “तू वरून शिडी धरली होतीस. तो काय बोलला ते तू ऐकलंस?”

मी रिकामा तांब्या उचलला.

“नाही, काकू. मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि जेवायला वाढ म्हणाल्या. मशीन तेव्हा बंद होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.